रिकाम्या उखळाचा आवाज

अजुजीइतकी भित्री बाई आमच्या गल्लीत दुसरी नाही. कोंबडी अंगावर फडफडली तरी ती किंचाळते. उंट दिसला की दारामागे लपते, आणि उंट बिचारा आपल्याच नादात चाललेला असतो. लहानपणापासून सगळे तिला हसत आले. मीही हसले, पण दुसऱ्या कुणाला फार हसू दिलं नाही, कारण तिला उकिरड्यावरून उचलून आणणारी मीच.

तिच्या आईची, हिंदातूची, आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून ही जन्मली तेव्हा तिला टोपलीत घालून उकिरड्यावर ठेवलं आणि नाव ठेवलं अजुजी. म्हणजे उकिरडाच. टाकून दिलेल्या वस्तूकडे मरण वळून बघत नाही, असा त्यामागचा हिशेब. मी तेव्हा पाण्याच्या घागरी वाहण्याएवढी झाले होते. मला सांगितलं, जा, कुणी काय टाकलंय बघून ये. मी टोपली उचलून आणली आणि शिकवलं होतं तसं म्हणाले, "मला हे सापडलं. तुम्हाला हवंय का?" हिंदातूने मानही न वळवता सांगितलं, "ठेव तिकडे."

त्यानंतर तिने पोरीला कधी नावाने हाक मारली नाही. पहिल्या जगलेल्या लेकराची लाज धरायची, आईने त्याचं नाव घ्यायचं नाही, चारचौघांत कौतुक करायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्याच बायका पाळतात. पण बाकीच्या कधीतरी चुकतात, रागाच्या भरात बोलून जातात. हिंदातू चुकली नाही. तिच्यात लाजेपेक्षा भीती मोठी होती. आपण नाव घेतलं की मरणाला पत्ता लागेल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. "ए", "ती", "तिकडची", एवढ्यावर पोर वाढली, लग्न होऊन मागच्याच गल्लीत गेली, आणि पहिल्या बाळंतपणाला परत आईच्या अंगणात आली. नवरा सनूसी पेरणीपर्यंत कानो शहरात हमाली करायला गेलेला. घरात दोघीच. एक बोलायची नाही आणि एक घाबरायची.

ती आली त्याच महिन्यात तिची मैत्रीण झुलाय गेली. आमच्याकडे पहिलटकरणीने दार लावून घ्यायचं आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. आतून बाळाचं रडणं आलं की मगच बायकांनी जायचं. झुलायने आवाज काढला नाही. बाळही रडलं नाही. दुपार उलटून गेल्यावर तिच्या आईला राहवेना, तिने दार ढकललं, तेव्हा दोघंही गार पडली होती. मयतीला बसलेल्या बायका काय म्हणत होत्या सांगू? "काय धीराची पोर! हूं नाही की चूं नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अजुजी माझ्या पाठीशी बसली होती. तिचे दात वाजत होते, ते मला ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या चुलीपाशी आली. मी दारात चवळीचे वडे तळून विकते.

"देलूताई, मला मरायचं नाहीये."

"मग कालचे शिळे वडे खाऊ नकोस."

"थट्टा नको गं." तिचे डोळे भरून आले. "माझ्यात झुलायसारखा धीर नाही. मला घरातच बाळंत व्हायचंय, आमच्या अंगणात. पण एकटीने नाही. माझ्याभोवती बायका पाहिजेत. तू पाहिजेस."

"आणि नडलं तर?"

"नडलं तर दवाखान्यात. उवानीवहिनीची गाढवगाडी तयार ठेवायची, आत चटई घालून. मी सगळं ठरवलंय."

ठरवलं होतं खरंच. कोण काय करणार, पाणी कुठे तापवायचं, नाळ कापायचं नवं पातं कशात गुंडाळून ठेवायचं, सगळं. धीराच्या माणसाला हे सुचत नाही. मी तिला ताबावाकडे घेऊन गेले. ताबावा आमची सुईण. हात लोण्यासारखा आणि जीभ विळ्यासारखी.

"एकटी बाळंत होत नाहीस म्हणे?" ताबावा म्हणाली. "बरं, येईन मी. पण कळणार कसं? गल्लीत उभी राहून बोंबलणार आहेस? आईची अब्रू कुठे ठेवशील?"

"बोंबलणार नाही," अजुजी खाली बघत म्हणाली. "मी रिकामं उखळ कांडीन."

ताबावाने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. बाजरी भरलेल्या उखळाचा आवाज जाडा असतो, पोटातून येतो. रिकाम्याचा कोरडा, लाकडावर लाकूड. इथल्या कुठल्याही बाईला झोपेतसुद्धा फरक कळतो, आणि रिकामं उखळ अपशकुनी म्हणून कुणी कांडत नाही. म्हणजे तो आवाज आला की तो अजुजीचाच. पुरुषांना कांडणंच वाटणार. अब्रूला धक्का नाही.

"पोर भित्री आहे, पण वेडी नाही," ताबावा मला म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नाही.

हिंदातूला हे कसं सांगायचं याची मला धास्ती होती. मी सांगितलं, ती बाजरी पाखडत राहिली. मग म्हणाली, "तिला म्हणावं, उखळ फुटेल." बस्स. मी चडफडत घरी आले. पण दोन दिवसांनी बघते तर इतकी वर्षं अंगणाच्या मध्यावर असलेलं ते जड उखळ अजुजीच्या खोलीच्या दाराला लागून उभं होतं. अजुजीच्याने तर ते हलणार नव्हतं. कुणी हलवलं, ते मी विचारलं नाही.

खरं सांगते, ठरवून झालं आणि भीती अजुजीची उरली नाही, माझी झाली. थंडीचे धुळीचे दिवस होते, वारा दिवसभर भिंतींवरून घोंगावायचा. त्या वाऱ्यात आवाज पोचेल का? मी तळता तळता कढई उतरवून कान लावायची. स्वप्नात टक-टक ऐकून उठायची. एका सकाळी तो कोरडा आवाज खरोखर आला. हातात झारा, झाऱ्यातून तेल ठिबकतंय, अशी मी धावत गेले. अजुजी गोरखचिंचेची पानं कांडत होती, तळाशी मूठभर उरली होती.

"मेले, पानं संपत आली की हाताने चुरडत जा!" मी ओरडले.

ती हसली आणि मग एकदम रडायला लागली. "आलीस ना पण," म्हणाली. "ऐकू गेलं ना."

मीही जरा बसले तिथे.

ताबावाच्या अंदाजाने अजून पंधरवडा होता, आणि मधेच शेजारच्या गल्लीत बारशाची मेजवानी निघाली. श्रीमंताघरचं बारसं. उखळं मांडलेली, एकेका उखळात तिघी-तिघींची मुसळं, गाणी, आरडाओरडा. मी वडे तळायला, ताबावा मानाची पाहुणी, उवानी भाताच्या पातेल्यापाशी. अजुजी अंग जड झालं म्हणून आईपाशी घरी राहिली होती. तिने ठरवलेली सगळी माणसं एकाच अंगणात, आणि त्या अंगणात एवढा धडधडाट की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पंधरवडा आहे म्हणून मीही निर्धास्त झाले होते, आणि ही गोष्ट आम्हा तिघींपैकी एकीच्याही ध्यानात आली नाही. घाबरून सगळं आधी सुचणारी एकटी अजुजी होती, आणि ती तिथे नव्हती.

दुपारी मी दुसरा घाणा सोडला, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं. बाईचा आवाज. चिरका, फाटलेला, न वापरलेला.

"अजुजीऽऽ! माझी अजुजीऽऽ!"

आवाज ओळखीचा होता आणि तरी कुणाचा ते लागेना, कारण त्या आवाजात ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. मुसळं एकेक करून थांबली. गाणं थांबलं. आणि त्या शांततेत, भिंतींच्या पलीकडून, ते आलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. कोरडं, लाकडावर लाकूड.

ती किती वेळ कांडत होती कोण जाणे.

ताबावाने दंडाला धरून ओढलं नसतं तर मी तिथेच उभी राहिले असते. दारात हिंदातू होती. डोक्यावर पदर नाही, पाय अनवाणी, गल्लीतले पुरुष बघतायत आणि तिला भान नाही. "ती वाजवतेय," ती मला म्हणाली, "केव्हाची वाजवतेय, आणि तुम्ही कुणी येत नाही. मी आत कशी जाऊ? मी हात लावला की मरणाला पत्ता..."

"चल काकू," मी म्हणाले. "आता नाव घेतलंस, उरलंय काय?"

अजुजी उंबऱ्यावर गुडघ्यांवर होती, एक हात उखळाच्या काठावर, दुसऱ्यात मुसळ. आम्हाला बघून तिने ते सोडलं. मग मी तिच्या पाठीशी बसले, उवानीने पाणी आणलं, ताबावा पुढे. हिंदातू दाराबाहेर भिंतीला तोंड करून उभी. अजुजी ओरडली. मनसोक्त ओरडली, आणि ताबावा म्हणत होती, "ओरड, ओरड, सगळ्या गल्लीला कळू दे!" मुलगी झाली. लगेच रडली. माझ्या जिवात जीव आला.

तो फार वेळ टिकला नाही. वार पडेना आणि रक्त थांबेना. ताबावाने पोर अजुजीच्या छातीशी लावली, पोट चोळलं, आणि मग तिचं तोंड पाहून मला कळलं. ताबावा घाबरली होती. तिला घाबरलेलं मी प्रथमच बघत होते. "गाडी," ती हळूच म्हणाली.

उवानीने गाढव जुंपलं. अजुजीला चटईवर घातलं, ओठ मातीसारखे झालेले. मी चढणार तेवढ्यात हिंदातूने मला बाजूला सारलं, स्वतः चढली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. मी बाळाला घेऊन गाडीमागे पळत होते. डांबरी रस्त्यावरचा दवाखाना येईपर्यंत धुळीतून मला एकच ऐकू येत होतं. "अजुजी. अजुजी, इकडे बघ. अजुजी." सगळ्या वर्षांच्या साठलेल्या हाका ती एका वाटेवर मारून संपवत होती. अजुजीचे डोळे मिटायला लागले की हाक मोठी व्हायची आणि ते उघडायचे. मी पळता पळता मनात म्हणत होते, थांबू नकोस काकू, ऐकू दे मरणाला, त्याला आधीच कळलंय, तू थांबू नकोस.

दवाखान्यातल्या नर्सने सुई दिली, पोटात हात घालून वार काढली. रात्रीपर्यंत रक्त थांबलं. जगली.

पुढे कधीतरी मी अजुजीला विचारलं, "गाडीत फार घाबरली होतीस का गं?"

"आधी घाबरले होते," ती म्हणाली. "मग आईने हाक मारली. वाटलं, आता मेले तरी चालेल. आणि मग वाटलं, छे, अजून एकदा ऐकू दे. असं करत करत दवाखाना आला."

भित्री ती अजूनही आहे. परवाच सरड्याला बघून माझ्या अंगावर पडली. तिची मुलगी रांगते आता. आणि हिंदातू? बाळंतिणीची चाळीस दिवसांची आंघोळ झाली तशी तिने पुन्हा लाज धरली. नाव घेत नाही. पण लेकीला बोलवायचं झालं की ती उठते, उखळापाशी जाते आणि मुसळाने रिकाम्या उखळावर एकदाच मारते. टक.

आणि अजुजी, कुठेही असो, ओ देते.