आठवी मात्रा

पाश्चात्त्य पद्धतीनं संगीत लिहायला मी दौंडला शिकलो. रेल्वे क्वार्टर्समध्ये एक निवृत्त अँग्लो-इंडियन गार्ड राहत होते. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि उरलेले सहा दिवस माझ्यासारख्या दोन-तीन जणांना शिकवत. पाच आडव्या रेघा, त्यांना उभ्या रेघांनी पाडलेले खण, आणि प्रत्येक खणात ठरलेल्या मात्रा. चार म्हणजे चार. साडेतीन भरल्या तर चूक वाजवणाऱ्याची, रेघेची कधीच नाही. गाडी उशिरा आली म्हणून वेळापत्रक कुणी बदलत नाही, असं ते म्हणायचे. दौंड जंक्शनवर बसून हे म्हणायला हिंमत लागते. मला मात्र ते पटलं होतं.

पुढे शिरूरला मी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, निकालपत्रकं छापायचो, आणि वाढदिवसाचे फ्लेक्स येऊ लागले तेव्हा त्यांवर नेत्यांच्या नावाआधीची विशेषणं. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी शाळांच्या बँडपथकांना धून लिहून द्यायचो, म्हणून लोक मला मास्तर म्हणत. नव्वदचं दशक संपता संपता पुण्याहून नोटेशनच्या सॉफ्टवेअरची एक सीडी हाती लागली. सोबत माहितीपुस्तक नव्हतं, कारण ते विकत घेणाऱ्याला मिळतं. पडद्यावर सूर मांडायचे, बटण दाबलं की कॉम्प्युटर ते वाजवून दाखवायचा. हवं तितकं सावकाश करता यायचं. मी आठवडाभर दुकानाचं काम सोडून त्याच्याशी खेळत होतो.

अशात एका रविवारी सणसवाडीच्या कंपनीत प्रेस मशीनवर काम करणारा एक तिशीचा माणूस आला. वडगाव रासाईच्या अलीकडे त्यांची वस्ती. धनगराचं घर, मेंढरं आजोबांच्या काळात होती, आता ऊस. त्याचे वडील, ज्यांना सगळी वस्ती आप्पा म्हणायची, जत्रेत देवापुढं गडी फेर धरून गजी नाचतात तेव्हा ढोल वाजवत. त्या भागात त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात उचलत होता, पण बधिर झाला होता.

"औंदाची जत्रा मला वाजवायचीय," तो म्हणाला. "शिकलो न्हाई कवा. शिफ्ट ड्युटी, तिकडंच खोली. घरी येतो तवा त्ये झोपलेले, न्हाईतर मी झोपलेला. आता त्यांच्याच्यानं लई वेळ वाजवणं व्हत न्हाई. तुमच्याकडं म्हणं वाजवणारा कॉम्प्युटर हाय. आप्पांचा ढोल त्यात घाला, सावकाश करा आन् मला कॅसेट द्या. संगं झांज पायजे. झांजंबिगर कळत न्हाई."

मी टेपरेकॉर्डर घेऊन वस्तीवर गेलो. आप्पा अंगणात बसले, गळ्यात ढोल अडकवला, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला पंजा. समोर त्यांच्याच वयाचे एक झांजवाले. आप्पांनी जेमतेम दहा मिनिटं वाजवलं आणि हात मांडीवर टाकून दिला. तेवढ्या वेळात एक शेळी दोनदा टेपवर बोलून गेली.

दुकानात येऊन मी लिहायला घेतलं. झांज चार मात्रांची होती, सरळ. ढोल सात मात्रांवर परत फिरत होता. दोन्हींची लय एकच, पण दोघांची सुरुवात एका जागी येत नव्हती. ढोलाच्या ओळीला मी सात मात्रांचा खण दिला, तर झांजेच्या ओळीलाही सात झाला. झांजेला चारचा दिला, ढोलही चारचा झाला. पानावर एका वेळी एकच ताल, असा त्या सॉफ्टवेअरचा कारभार दिसत होता. मग सगळं चारच्या खणांत बसवून ढोलाचे ठोके रेघा ओलांडून लिहिले. पण कॉम्प्युटर प्रत्येक खणाच्या पहिल्या मात्रेवर आपण होऊन जोर द्यायचा. त्यामुळे ढोल अडखळत चालल्यासारखा ऐकू यायचा.

तीन दिवस मी हे करत होतो. चौथ्या दिवशी मला उलगडा झाला, म्हणजे तसं वाटलं. म्हाताऱ्याचा हात बधिर आहे. सात कशाला असतील? मूळचे आठच असणार, आणि शेवटची मात्रा हातातून निसटत असणार. मी ढोलाला आठवी मात्रा घातली, एक रिकामी, श्वास घेण्यापुरती. पानावर सगळं चपखल बसलं. ढोलाच्या एका फेऱ्यात झांजेचे दोन. गार्डसाहेबांनी पाठ थोपटली असती. एका आजारी माणसाची चूक आपण अदबीनं दुरुस्त केली, असं समाधान मला त्या संध्याकाळी झालं होतं.

कॅसेट घेऊन मी पुन्हा वस्तीवर गेलो. मुलगा कामावर होता. आप्पांनी डोळे मिटून ऐकलं.

"मास्तर, ह्यो मधी थांबतोय."

"थांबत नाही आप्पा, एक मात्रा सोडतोय."

"त्येच की. कुणाची वाट बघतोय?"

"झांजेची," मी म्हणालो.

आप्पा हसले. अर्धाच चेहरा हसला. "झांजंची वाट कशाला बघायची? ती तिच्या वाटंनं येती, ढोल त्याच्या वाटंनं. दोन खांडं दोन रस्त्यानं चालल्यावर मधी कोण थांबतं व्हय? मुक्कामाला भेटायचंच हाय. भेटलं की गडी गिरकी घेतो."

मेंढरांची दोन खांडं, म्हणजे दोन कळप, दोन रस्ते, एक मुक्काम. यापेक्षा स्वच्छ कुणी समजावून सांगू शकलं नसतं. मला ते गोड वाटलं. म्हातारी माणसं किती छान बोलतात, असं मनात म्हणालो आणि चहा प्यालो. निघताना सांगितलं, "बघतो आप्पा, पुढच्या खेपेला दुरुस्त करतो." दुरुस्त काय करायचं होतं ते मी विचारलं नाही. सॉफ्टवेअर ऐकत नव्हतं, आणि सॉफ्टवेअरपुढं आप्पांचं ऐकायचं माझ्या डोक्यात आलं नाही. कॅसेट ठेवून आलो.

पंधरा दिवसांत आप्पांना दुसरा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली, वाचाही गेली.

मुलगा सणसवाडीच्या खोलीवर प्लॅस्टिकच्या कॅनवर सराव करत होता. शेजारचे कामगार भिंत ठोकून "भैया, ये कब तक चलेगा?" विचारायचे, हा "जत्रा तक" म्हणायचा. शिफ्ट संपली की कॅसेट, जेवण, पुन्हा कॅसेट. तीन महिने. इतकी मेहनत मी कुणाला बरोबर गोष्टीसाठीसुद्धा करताना पाहिलेलं नाही.

जत्रेत त्या वर्षी व्यासपीठ होतं. प्रमुख पाहुणे म्हणून एका पतसंस्थेचे अध्यक्ष चार वाजता येणार होते, म्हणजे साडेपाचला आले. आप्पांना तीन वाजताच बाजेसकट आणून मांडवाच्या कडेला ठेवलं होतं. माशा वारायला सून बसली होती. पाहुण्यांनी लोककलेचा आढावा घेतला. त्यात लोककला कमी आणि आढावा जास्त होता. मग संगणकयुग आलं, मग मी आलो. ढोल संगणकात जतन करून पुढच्या पिढीच्या हाती दिल्याबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला. मी ते वाकून घेतलं.

मग मुलानं ढोल गळ्यात घातला आणि वाजवला. चांगला वाजवला, हे लिहायलाच हवं. ठोका दमदार, कुठे चूक नाही. दर आठ मात्रांना ढोल आणि झांज भेटत होते, दर आठ मात्रांना नाचणारे गिरकी घेत होते. कुणाचा पाय चुकला नाही. नव्या पोरांना ते सोपं गेलं, पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. आप्पांच्या वेळी कुणी पाहुणा टाळीनं ठेका धरू शकला नव्हता. मी आप्पांच्या जोडीच्या झांजवाल्यांकडे पाहिलं. ते मान खाली घालून वाजवत होते. उतरल्यावर मी विचारलं, "कसं झालं मामा?"

"ब्येस झालं," ते म्हणाले. झांजा फडक्यात गुंडाळल्या. "मुक्काम लईच जवळजवळ आल्यात आता. चालायचं काम ऱ्हायलं न्हाई."

"पोराला सांगितलं नाहीत?"

"तीन महिनं खपलाय त्यो. आन् त्याला कॉम्प्युटरनं शिकिवलंय. आम्ही काय सांगायचं?"

शाल खांद्यावर घेऊन मी आप्पांच्या बाजेपाशी गेलो. मांडवात दुसऱ्या झांजवाल्याबरोबर मुलाचा दुसरा फेर सुरू झाला होता. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. डावा हात, जो धड होता, तो बाजेच्या लाकडावर बोटं आपटत होता. आधी वाटलं, हात थरथरतोय. मग मी मोजलं. सात. पुन्हा सात. पुन्हा सात. हात थकलेला नव्हता, काही निसटत नव्हतं. मांडवातली झांज मनात धरून मी पुढे मोजत राहिलो. चौथ्या साताला अठ्ठावीस भरले आणि आप्पांचं बोट झांजेच्या बरोबर पहिल्या मात्रेवर पडलं. मुलाचा ढोल तेव्हा कुठल्यातरी आठाच्या मधे होता. आप्पांनी तिथे हात क्षणभर उचलून धरला, जिथे गड्यानं गिरकी घ्यायची, आणि पुन्हा सुरू केलं.

त्यांची सून म्हणाली, "सकाळधरनं असंच चाललंय. हाताला चाळा लागलाय."

तोवर फेर संपला होता. हे ज्याला सांगायचं तो मांडवात लोकांच्या खांद्यावर होता.

आप्पा पावसाळ्यात गेले. दहाव्याला मी गेलो होतो. लोक म्हणत होते, ढोल तेवढा पोराच्या हाती देऊन गेले, ते एक बरं झालं.

त्यानंतर वर्षभरानं एका शाळेच्या बँडचं काम करताना माउसचं बटण चुकून एका ओळीच्या डोक्यावर दोनदा दाबलं गेलं. एक चौकट उघडली. त्यात बारीक अक्षरांची यादी होती, आणि यादीच्या तळाशी एक रिकामा चौकोन : या ओळीला स्वतंत्र ताल. टिचकी मारायची, बस. तीन दिवस मी ज्याच्याशी झुंजलो ते एका टिचकीचं काम होतं. एक ओळ सातची झाली, दुसरी चारची राहिली. उभ्या रेघा एकमेकींना न विचारता आपापल्या जागी पडल्या आणि अठ्ठावीस मात्रांनंतर एका सरळ रेघेत आल्या. चौकोन पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

ड्रॉवरमधून मूळ कॅसेट काढून, शेळीसकट ऐकून, मी सगळं नव्यानं लिहिलं. सावकाश चालीत नवी कॅसेट भरली आणि सणसवाडीला त्याच्या खोलीवर गेलो. तो नुकताच कामावरून आला होता. कॅसेट लावली. पहिल्याच फेऱ्याला त्याचा चेहरा बदलला.

"आप्पा," तो म्हणाला.

मग त्यानं कॅन पुढे ओढला. सात झाले आणि त्याचा हात थांबला, एक मात्रा, श्वास घेण्यापुरता. तोवर टेपमधला ढोल पुढे गेला होता. त्यानं कॅसेट मागे घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं दात आवळून रेटलं, दोन फेरे निघाले, तिसऱ्याला हात आपसूक थांबला. त्यानं टेप बंद केला.

"हात बसला आता, मास्तर. ह्येच चुकल्यावाणी वाटतंय." कॅन बाजूला सारत म्हणाला, "आन् नाचणाऱ्यांचंबी पाय आठावर बसल्यात. एकट्यानं सात वाजवून काय करू?"

कॅनच्या कडेला जिथे त्याची बोटं पडत, तिथे प्लॅस्टिक पांढरं पडलं होतं.

"ह्ये तवा नव्हतं का तुमच्या कॉम्प्युटरात?"

"नव्हतं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. कॅसेट काढली, डबीत घातली, डबी शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हितं उंदीर लई हायती."