सातव्यांदा पहिला प्रयोग

अमेरिकेतल्या डुलुथ गावात एल्विन टॉलेफसनला सगळे ओळखत ते चर्चचे आणि शाळांचे पियानो सुरात लावून देणारा म्हणून. हा गृहस्थ अख्ख्या वाद्यवृंदासाठी संगीत रचतो, ही त्याची खोड गावाने मोठ्या मनाने पोटात घातली होती.

आमच्याकडचे वाद्यवृंद नव्या रचनेला नाही म्हणत नाहीत. एकदा वाजवतात. जाहिरातीत ‘जगातला पहिला प्रयोग’ असं छापता येतं. मग ती रचना कपाटात जाते ती कायमची, कारण ‘जगातला दुसरा प्रयोग’ छापून तिकिटं कोण घेणार? बरं, वाजवतात तीही कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीला. निम्मे लोक तेव्हा बाहेर गाडी लावायला जागा शोधत असतात. आत बसलेले खोकतात. नंतर तळघरात कॉफी पिताना तेच लोक रचनाकाराचा हात हातात घेऊन म्हणतात, “वेगळंच होतं हो!” मिनेसोटात याहून मोठी शिवी नाही.

एल्विनला आयुष्यात एकच रचना मनासारखी जमली होती. चार वर्षं तो तिच्यावर झिजला होता. ती एकदा वाजून संपावी हे त्याला सोसेना, म्हणून तो तिचं नाव बदलत राहिला. डुलुथला ‘गोठलेलं सरोवर’, फार्गोला ‘गव्हाचं रान’, ओ क्लेअरला ‘लाकूडतोड्यांची न्याहारी’. सूर न् सूर तोच. सहा गावं झाली, सहा पहिले प्रयोग झाले. फार्गोच्या एका बाईंना तर ऐकताना गव्हाचा वास आला म्हणे.

सुरुवातीला त्याला पकडलं जाण्याची धास्ती वाटे. हळूहळू ती उलटी झाली. सहा वेळा वाजूनही ती कोणालाच ओळखू येत नसेल, तर तिच्यात आहे तरी काय? सातव्यांदा हिबिंगला, म्हणजे लोखंडाच्या खाणींच्या गावात, ती ‘लोखंडाचं गाणं’ म्हणून होणार होती. तिथेही ती कोणाच्या कानाला ओळखू आली नाही, तर सगळे कागद शेगडीत घालायचे, असं त्याने ठरवून टाकलं.

हिबिंगच्या तालमीत चहाच्या सुट्टीला मार्लिस बर्गस्टाड त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ही बाई लोखंडी त्रिकोण वाजवायची. एका गावात पोट भरत नाही, म्हणून आसपासच्या सगळ्या वाद्यवृंदांत वाजवत फिरायची.

“काय हो टॉलेफसन,” ती हळूच म्हणाली, “लाज कशी वाटत नाही तुम्हाला?”

एल्विन दचकला, आणि लगेच त्याला आनंदही झाला. “ओळखलंत?”

“न ओळखायला काय झालं! दोनशे अकरा आवर्तनं गप्प उभं राहायचं आणि मग एक टोला. सरोवरात दोनशे अकरा, गव्हात दोनशे अकरा, न्याहारीतही दोनशे अकरा! सांगणार नाही मी कोणाला, घाबरू नका.”

“म्हणजे मोजून ओळखलंत. आणि संगीत? ते कसं वाटलं?”

“संगीत?” मार्लिस बुचकळ्यात पडली. “अहो, मोजू का ऐकू? एक आवर्तन चुकलं की गेला माझा टोला. एकतीस वर्षांत एकदाही चुकलेला नाही, विचारा कोणालाही.”

एल्विनला खरंच रडू येत होतं.

प्रयोगाच्या दिवशी लोक ठरल्याप्रमाणे उशिरा आले आणि ठरल्याप्रमाणे खोकले. एल्विन मागच्या रांगेत बसून मनात आवर्तनं मोजत होता. दोनशे दहा. दोनशे अकरा. दोनशे बारावं आलं आणि तसंच निघून गेलं. टोला पडलाच नाही. मार्लिस हातातली काडी वर धरून चेलोवाल्यांकडे, त्या मोठ्या खर्जातल्या व्हायोलिनांकडे, बघत उभी होती. रचना संपली तरी काडी वरच होती.

तळघरात लोक “वेगळंच होतं” म्हणत त्याच्याभोवती जमले. त्यांना बाजूला सारत मार्लिस आली. तिचं नाक लाल झालं होतं.

“तुमच्यामुळे झालं हे! कसं वाटलं म्हणून विचारलंत, म्हटलं जरा कान देऊन बघू. तर एकशे चाळीसनंतर ते चेलो खाली खाली उतरत जातात ना, तिथे माझा आकडाच सुटला. पुढचं काही मोजताच आलं नाही. एकतीस वर्षांची अब्रू घालवलीत माझी. आता रागवा तरी, नुसते बघताय काय?”

“बाई,” एल्विन कसाबसा म्हणाला, “कुठे सुटला म्हणालात? परत एकदा सांगा.”