तिसऱ्या घरचा व्योम

केंदूरच्या अनसाबाईंना उडणाऱ्या रोबोचं विशेष कौतुक नाही. उडायला काय अक्कल लागते, खरी परीक्षा चालणाऱ्याची, असं त्यांचं मत. त्या स्वतः अर्धं आयुष्य चालतच होत्या. माहेर दौंड तालुक्यातलं. वडिलांची दोनशे मेंढरं, आणि पावसाळा सरला की त्यांच्यामागे थेट कोकणापर्यंत पायपीट. सासरीही मेंढरं होती. पुढे ती विकली, शेती आली आणि चालणं थांबलं. गेली अकरा वर्षं त्या शिक्रापूरजवळच्या एका खेळण्यांच्या कारखान्यात बसून असतात. काम एकच : तोंडं बघणं.

पहिल्या दिवशी त्यांनी हे घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हस्कू म्हणाला होता, "तोंडं बघाय बोलावत्यात? मग एखादं बरं स्थळ दिसलं तर पुतण्यासाठी इचारून ये."

तोंडं रोबोंची होती. टीव्हीवर ‘गगनजुळे’ नावाची कार्टून मालिका लागते. तिच्यात व्योम आणि भौम हे जुळे रोबो आहेत. व्योम उडतो, भौम जमिनीखालून जातो. दर भागात जगावर संकट येतं. व्योम ते बावीस मिनिटांत निवारतो आणि मागे राहिलेले खड्डे भौम बुजवतो. साहजिकच दुकानात व्योम जास्त खपतो.

कारखान्यात मात्र दोघांत फारसा भेदभाव नाही. डोकं आणि पाठ मिळून एक तुकडा. तो दोघांचा हुबेहूब सारखा, फक्त साचा वेगळा. निळे हात आणि पंख बसवले की झाला व्योम. तपकिरी हात आणि पाठीला गिरमिट बसवलं की भौम. व्योमच्या साच्यात चार खोबण्या आहेत, म्हणजे एका दाबात चार व्योम बाहेर पडतात. त्या खोबण्यांना इंजिनिअर कॅव्हिटी म्हणतात, बायका घरं म्हणतात. तुकडा कोणत्या घरचा, तो आकडा आतल्या बाजूला उमटतो. तपासणीच्या टेबलावर तो दिसतो, पुढे छातीची पट्टी चिकटली की कायमचा झाकला जातो.

अनसाबाईंच्या तपासणीच्या टेबलावर सहा बायका. डोळा फिसकटलेला, नाक चपटं आलेलं, तोंडावर डाग पडलेला रोबो त्या बाजूला काढत. गेल्या पावसाळ्यात मॅनेजर इंद्रजीत सरांनी या सहाजणींना बोलावून सांगितलं की दिवाळीपासून हे काम कॅमेरा करणार. कॅमेऱ्याला चहाची सुट्टी लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं. चहा त्या दिवशी सगळ्यांनी सावकाश प्यायला.

आणि मग एका मंगळवारी व्योमचे पंख मोडायला लागले.

शिरूरचा तरुण इंजिनिअर ज्ञानेश याने दुपारपर्यंत कारण शोधलं. साच्याच्या तिसऱ्या घरात केसाएवढी चीर गेली होती. तिथून निघालेल्या व्योमची पाठ कच्ची राहत होती. पोराने जरा जोरात उडवला की पंख बुडापासून तुटणार. साचा दुरुस्त झाला. पण साडेनऊ हजार व्योम आधीच तयार होते, त्यांतला दर चौथा कच्चा होता, आणि आकडे पोटात.

"सगळे ग्राइंडरला," इंद्रजीत सर म्हणाले. "शनिवारी माल जायचाय. एकेक फोडून बघत बसलो तर विकायला काय राहील?"

"तिसऱ्या घरचा कळतो की," अनसाबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"तोंडावरून."

ज्ञानेश हसला. "मावशी, चारी एकाच ड्रॉइंगवरून काढलेत. तोंड एकच आहे."

"मेंढरं बी एकाच देवानं काढली. म्हणून सारखी हायत व्हय? तिसरा जरा रुसल्यावानी दिसतो. हनुवटीपाशी बघा."

ज्ञानेशने व्हर्निअर लावून हनुवट्या मोजल्या. फरक निघाला नाही. व्हर्निअर मेंढरांत वाढलेला नव्हता.

इंद्रजीत सरांनी घड्याळ बघितलं. "वीस नग आणा. मावशींनी वेगळे करायचे, आपण फोडून बघायचे. एक जरी चुकला तर सगळा माल ग्राइंडरला, आणि दिवाळीची वाटही बघायची नाही. टेबल उद्यापासून बंद."

शेजारी बसणारी करुणा अनसाबाईंच्या कानाशी लागली. "मामी, कशाला नादाला लागता? दिवाळीपर्यंत तरी बसलो असतो."

"आन् दिवाळीनंतर? घरी जाऊन कुनाची तोंडं बघायची?"

"म्हस्कूमामांचं हाय की."

"ते पाठ झालंय."

अनसाबाईंनी आधी टेबल उचलायला लावलं आणि शटरपाशी, उन्हाच्या तोंडाला नेलं. ट्यूबलाइटखाली सगळी एकाच आईची दिसतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. हे पाहून ज्ञानेशचा चेहरा पडला. तो मनातून त्यांच्याच बाजूचा होता.

यात चमत्कार नव्हता, सराव होता. मेंढरं दिवसभर चरायला जातात तेव्हा कोकरं तळावर राहतात. संध्याकाळी कळप परतला की एकच ओरडा होतो, आणि जिचं कोकरू तिला लावायचं काम बायका-पोरींकडे असतं. जुळी असली तर जास्त जपावं लागतं. ओळखायला चुकलं की दांडगं दोनदा पितं आणि दुसरं उपाशी राहतं. असं चार दिवस झालं की ते मरतं. अनसाबाई आठव्या वर्षापासून हे काम करत होत्या. त्यांच्या हातून एक जुळं असं गेलं होतं. ते कसं दिसायचं, हे त्या आजही सांगू शकतात.

त्यांनी एकेक व्योम उचलला, उन्हात धरला, ठेवला. उजवीकडे तेरा झाले, डावीकडे सहा. विसावा त्यांनी तिसऱ्यांदा उचलला.

"हा?" इंद्रजीत सरांनी विचारलं.

"ह्यो व्योमच न्हाई. त्याचा भाऊ हाय."

"मावशी, त्याला पंख आहेत!"

"असतील. पंख लावलं म्हंजी आई बदलत न्हाई."

ज्ञानेशने हातोडी घेतली. डावीकडचे सहाही फोडले : आत तीन, तीन, तीन, शेवटपर्यंत तीन. उजवीकडचे तेरा फोडले : एक, दोन, चार, तीन कुठेच नाही. मग त्याने विसावा समोर ठेवला आणि जरा थांबून घाव घातला. आत स्वच्छ अक्षरात ‘भौ’ होतं. शिफ्ट बदलताना भौमचा एक क्रेट व्योमच्या रांगेत शिरला होता, आणि आयुष्यभर खड्डे बुजवणाऱ्या भावाला अखेर पंख मिळाले होते.

इंद्रजीत सरांनी तो तुकडा उचलून उलटासुलटा करून बघितला. मग करुणा म्हणाली, "सर, चहा?"

तीन दिवस ते टेबल शटरपाशीच होतं. अनसाबाईंनी पाचजणींना रुसलेला कसा ओळखायचा ते शिकवलं. शंका आली की नग त्यांच्याकडे यायचा. दोन हजार तीनशे एकाहत्तर व्योम आणि चाळीस भौम बाजूला निघाले. बाजूला काढलेल्या व्योमचे पंख ओढून पाहिले, सगळे तुटले. पास केलेल्यांतले दोनशे ओढले, एकही तुटला नाही. शनिवारी माल गेला.

सोमवारी इंद्रजीत सरांनी टेबलापाशी येऊन अनसाबाईंना काय हवं ते विचारलं. शाल-श्रीफळ त्यांनी बरोबर आणलंच होतं.

"टेबल हितंच ऱ्हाऊ द्या. उजेडाला," त्या म्हणाल्या. "आन् सहाबी जणी."

टेबल तिथेच राहिलं, सहाजणीही. दिवाळीत कॅमेराही आला. त्याला बरं-वाईट शिकवायला आधी कुणीतरी हजारो तोंडं निवडून द्यावी लागतात, ही गोष्ट विकणाऱ्याने कॅमेरा बसवल्यावर सांगितली. ते काम अर्थातच अनसाबाईंकडे आलं. डोळा फिसकटलेला आता कॅमेऱ्याला कळतो. पंख लावलेला भौम पुढे ठेवला की तो अजून त्याला व्योमच म्हणतो.

ज्ञानेश वैतागतो. अनसाबाई वैतागत नाहीत.

"यील त्याला," त्या म्हणतात. "नवं हाय अजून. कधी उपाशी कोकरू बघितलंय का त्यानं?"