चित्रामागची अर्धी गोळी

माझ्या नजरेचा मला फार माज होता. चेन्नईच्या एका कंपनीसाठी मी तंजावुरातल्या घरी बसून मोबाइल अ‍ॅपच्या स्क्रीन तयार करते. एखादं बटण केसभर सरकलेलं असलं तरी मला खुपतं, आणि ज्यानं ते सरकवलं त्याला सुनावल्याशिवाय मी राहत नाही. ऑफिसातले लोक मला टरकून असतात.

आईसाठी गोळ्यांचं अ‍ॅप मात्र मी हौसेनं केलं होतं. सकाळी आठला फोन वाजायचा. स्क्रीनवर वर गोळीचं नाव, त्याखाली किती घ्यायची ते, आणि त्याखाली गोळीचं चित्र. आम्ही घरात मराठी बोलतो, पण आई वाचते तमिळ, म्हणून अक्षरं तमिळ. राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत तिनं ते दारोदार मिरवलं. लेकीनं केलेल्या वस्तूत खोट काढणं तिच्या स्वभावातच नाही.

एके दिवशी डॉक्टरांचा मला फोन आला. रक्तदाबाची गोळी उद्यापासून अर्धीच द्या, म्हणाले. मी कामात होते. तिथल्या तिथे अ‍ॅपमध्ये एकाची अर्धी केली आणि पुन्हा कामाला लागले. काम फत्ते केल्याचं समाधानही वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

दोन आठवड्यांनी आई इडलीचं पीठ ढवळता ढवळता खाली बसली. बसली कसली, भिंतीला धरून घसरलीच. मी धावले. घरच्या यंत्रावर रक्तदाब पाहिला तर आकडा इतका खाली, की मी पट्टा सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तेच.

"अर्धी गोळी घेऊनसुद्धा इतका खाली कसा?" मी करवादले.

आईनं डोळे उघडले. "कोणची अर्धी गं? मी अख्खी मात्तिरै घेते की. फोनांत तसंच आहे."

तिला तिथंच चटईवर आडवं केलं आणि डॉक्टरांना फोन लावला. गोळी बंद करा, पाय उंचावर ठेवा, पाणी पाजा, तासाभरानं पुन्हा मोजा, नाही चढला तर लगेच घेऊन या, असं ते म्हणाले. मग मी तिचा फोन उचलला. वर गोळीचं नाव होतं. खाली गोल गरगरीत, अख्ख्या गोळीचं चित्र होतं. मधली ओळच नव्हती.

तासभर नुसतं बसून राहिले असते तर मला वेड लागलं असतं. तिच्या उशाशी बसून मी फोन लॅपटॉपला जोडला. अशा वेळी आम्ही स्क्रीनवरच्या प्रत्येक चौकटीभोवती रंगीत रेघ उमटवतो, म्हणजे कुठली चौकट कुठे संपते ते दिसतं. मग स्क्रीन तिरकी फिरवायची, की एकावर एक बसलेले थर डोशांच्या चळतीसारखे सुटे दिसतात. मी फिरवली. चित्राच्या मागे ती ओळ होती. अरै मात्तिरै. अर्धी गोळी. दोन आठवडे ती तिथंच होती, आणि मला ओरडावंसं वाटलं.

मी सगळं तपासलं होतं, पण माझ्या फोनवर, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. आईच्या फोनवर अक्षरं सगळ्यांत मोठी. गोळीचं लांबलचक नाव तीन ओळी व्यापून बसलं आणि खालची ओळ चित्रामागे ढकलली गेली. चौकट आपोआप उंच झाली असती. मीच तिची उंची बांधून टाकली होती, कारण लहानमोठ्या चौकटी माझ्या नजरेला खुपतात.

आई मान वळवून बघत होती. "त्या चित्राच्या वर जरा जरा रेघा दिसतात की रोज," ती म्हणाली. "मला वाटलं, तू हौसेनं कोलम घातलीस."

रांगोळी! ती तर चित्राआडून डोकावणारी अक्षरांची टोकं होती. "भोवळ येत होती, तर बोलली का नाहीस?"

"ऊन किती आहे बाहेर. आणि तू कामांत."

तासाभरानं आकडा वर सरकला. मी तीनदा मोजला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. ती केली आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "अरै मात्तिरै." पुन्हा एकदा वाचलं. मग फोन पालथा ठेवला, आणि माझ्या कामाच्या खुर्चीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत एकवार नजर फिरवली. आठ पावलंही नसतील.

"हे तोंडानं सांगायचं होतंस की गं," ती म्हणाली. "मी इथंच होते."