वकीलसाहेबांच्या मोटारीचा निळा धूर

काल दारासमोरून कुणाची तरी जुनी मोटार गेली आणि मागे जळक्या तेलाचा वास रेंगाळला. त्या वासाने मला आदिलाबादचे वकीलसाहेब आठवतात, आणि त्यांच्याहून जास्त त्यांची बायको.

राज्यांची भाषावार वाटणी नुकतीच झाली होती. आमचा जिल्हा तेलुगू राज्यात गेला, म्हणून वकीलसाहेब नांदेडला बिऱ्हाड हलवत होते. त्यांची मोटार निळा धूर टाकायची, ती तपासायला माझ्या गॅरेजात आणली. साहेब जरा कचेरीत गेले, तशा त्यांच्याबरोबर आलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊ, इंजिन गेलं म्हना ना. माह्यं माहेर इथं तलमडुगूत हाये. मले नाही जायचं."

मी आधी गाडी तपासायला घेतली. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं आणि भोकावर तळवा धरला. फुंकर लागली नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा शाबूत होत्या, इंजिन गेलेलं नव्हतं. मग गाडी उतारावर सोडली आणि उताराच्या तळाशी ॲक्सिलरेटर दाबला. मागे धुराचा एकच निळा लोट उठला नि विरला. वाल्वच्या गाइड झिजल्या होत्या, तिथून थोडं तेल झिरपून जळत होतं, एवढंच.

साहेब परत आले. "का हो मिस्त्री, जाईन का गाडी नांदेडपावतर?"

"जाईन साहेब. तेलाचा एक डबा संगं ठेवा."

वहिनी मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

महिन्याभराने साहेबांचं कार्ड आलं. गाडी सुखरूप पोचली, तुमचं निदान बरोबर निघालं. गिऱ्हाइकांना दिसेल असं ते मी भिंतीवर लावलं. त्यात वहिनींबद्दल एक अक्षर नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला कितीतरी वर्षं लागली.