आधी सांगणारा कोण ते बघा

कादंबरी लिहिणाऱ्यांनी जगात एकाच वाचकाला घाबरायचं ठरवलं, तर त्यांनी माझ्या नवऱ्याच्या आत्याला घाबरावं. पडेगावात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्या एकट्या राहतात. वय सदुसष्ट, नजर शाबूत आणि उशाशी कायम एक जाडजूड जुनी कादंबरी, एक वही आणि टोक काढलेली पेन्सिल. आपण कादंबरी वाचतो ती गोष्टीसाठी. आत्या वाचतात ती संशयानं. गोष्ट काय आहे याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नसतं. ती कोण सांगतंय, त्यानं स्वतः काय पाहिलं, काय नुसतं ऐकलं आणि काय गुपचूप गाळलं, याचा छडा लागेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नाही.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. तीसेक वर्षं त्या कोर्टात लघुलेखक होत्या. "साक्षीदार बोलायचा, वकील त्याला फिरवायचा आणि मी खाली मान घालून उतरवायचे," त्या सांगतात. "एकाच भांडणाची सात-सात बयानं लिवलीत मी. सातही खरी वाटायची. आणि आठवा माणूस कोर्टात आलाच नाय, तर त्याचं खरं कोण लिवणार?" निवृत्त झाल्यावर साक्षीदार संपले, तेव्हा त्यांनी आपला मोर्चा जुन्या कादंबऱ्यांकडे वळवला. ग्रंथालयाच्या पुस्तकांत समासातून त्यांचं बारीक अक्षर दिसू लागलं. 'हा तेव्हा गावात नव्हता. याला कसं कळलं?' 'बाई वाईट होती म्हणतो. काय केलं ते सांगत नाही.' ग्रंथालयातल्या बाईंनी त्यांना दोनदा तंबी दिली. पुढं त्याच बाई मला हळूच म्हणाल्या, की आत्यांनी परत केलेली पुस्तकं लोक मागून नेतात, समास वाचायला.

त्यातल्या त्यात 'मी' म्हणून गोष्ट सांगणाऱ्यांवर त्यांचा थोडा जीव. त्याला निदान उलट विचारता येतं, असं त्यांचं म्हणणं. पण सगळ्यांच्या मनातलं ओळखणारा, कुठं बसून बघतो ते न सांगणारा जो निवेदक असतो, त्याचा त्यांना खरा राग. खोलीत दोघंच होती असं तो लिहितो आणि पुढची चार पानं त्या दोघांचं बोलणं शब्दाला शब्द सांगतो. आत्या पुस्तक मिटून विचारतात, "मग हा काय माळ्यावर व्हता?"

घरीदारी हाच खाक्या. माझ्या नणंदेसाठी स्थळ आलं, तेव्हा मुलाचे काका अर्धा तास मुलाच्या शांत स्वभावाबद्दल बोलत होते. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "तुम्ही त्याच्यासंगं राहिलात किती दिवस?" काका पुण्याला राहत होते. शेजारच्या बाई सुनेच्या तक्रारी घेऊन येत, त्यांना आत्या एवढंच म्हणत, "बरं. आता सुनेला पाठवा." त्या बाई यायच्या थांबल्या. सून मात्र येऊ लागली.

एवढी कडक तपासणी करणाऱ्या या बाईंची स्वतःची एक गोष्ट होती, आणि ती कुणी कधी तपासली नव्हती. ती मी लग्नाआधीच ऐकली होती. आत्या एकोणीस वर्षांच्या असताना कन्नडच्या घरातून त्यांना त्यांच्या वहिनीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी बाहेर काढलं. सकाळी त्या विहिरीवरून आल्या, तर त्यांची पत्र्याची पेटी अंगणात ठेवलेली. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, 'आता या घरात तुमचं काय काम नाय.' आत्यांनी पेटी उचलली, एसटी धरली, शहरात मावशीकडं आल्या, टायपिंग शिकल्या, नोकरीला लागल्या, आणि लग्नाच्या भानगडीत कधी पडल्या नाहीत. वहिनीशी बोलणं राहिलं ते सणासुदीपुरतं. ही गोष्ट आत्या दर वेळी त्याच शब्दांत सांगत, अगदी विहिरीपासून एसटीपर्यंत. त्यामुळं सासरी आले, तेव्हा सासूबाई मला आधीच ठाऊक होत्या. त्या कमी बोलायच्या, तर मला वाटायचं, मनात काही शिजतंय. अठरा वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, त्याचंही श्रेय मी त्यांना दिलं नाही. वयानं निवळल्या असतील, असं मी धरून चालले.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या कन्नडहून आमच्याकडं आल्या. काळा चष्मा लावून दिवसभर बसायचं, टीव्ही बघायचा नाही. मी शिकवते ती शाळा सकाळची असली तरी दुपारी घरचं काम असायचंच. मी आत्यांना विनवलं, की जरा येऊन बसत जा, काहीतरी वाचून दाखवा. आत्या आल्या त्या कादंबरी घेऊनच. एका इनामदारानं स्वतःच्या तोंडून सांगितलेली जुनी गोष्ट होती. हट्टी, कोरड्या मनाच्या बायकोनं त्याचं भरलं घर कसं मोडलं, अशी. आत्या वाचायच्या आणि दर पानाला थांबून त्या इनामदाराला धारेवर धरायच्या. सासूबाई भिंतीला टेकून ऐकायच्या. पाच दिवस असंच चाललं.

सहाव्या दिवशी आत्या म्हणाल्या, "वहिनी, मी मोजलंय. ही बाई दोनशे पानांत अकरा वाक्यं बोलली. बाकी सगळं हाच सांगतोय."

"तिला कुणी इचारलं का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाय ना. तेच तर म्हणते मी."

"मला बी कुठं इचारलं, वन्सं."

मी चहा घेऊन दारात उभी होते. आत्यांचं बोट ओळीवरच राहिलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं, वहीचं कोरं पान काढलं आणि पेन्सिल हातात घेतली. "सांगा," त्या म्हणाल्या.

सासूबाई सांगू लागल्या आणि आत्या लघुलिपीत उतरवू लागल्या. "तुम्हाला बिजवराला द्यायचं ठरलं व्हतं. चाळिशीचा माणूस, दोन लेकरं. सोमवारी सुपारी फुटायची, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी यांना म्हणलं, पोरीला शिकू द्या. यांनी ऐकलं नाय. आता तुम्ही कशा? जा म्हणलं तर बसून राहणाऱ्या. कुणी अपमान केला तरच उठणाऱ्या. म्हणून अपमान केला."

"मला नीट का नाय सांगितलं?"

"तुम्ही भावाशी भांडत बसला असता. अन् भाऊच जिंकला असता."

आत्यांची पेन्सिल थांबली. मग त्यांनी विचारलं, "पेटीवर फडक्यात दशम्या व्हत्या. त्या कुणी बांधल्या?"

अठरा वर्षं मी ती गोष्ट ऐकत होते. त्यात दशम्या कधीच नव्हत्या.

"मीच बांधल्या," सासूबाई म्हणाल्या. "पण एक सांगते. तुमची खोली बी पाहिजे व्हती मला. दिवस गेले व्हते. खोटं कशाला बोलू."

त्या वेळी पोटात असलेला माझा नवरा ऑफिसात होता, ते बरं झालं. आत्यांनी ते वाक्यही लिहून घेतलं. मग कोर्टाच्या रीतीप्रमाणं सगळं बयान वाचून दाखवलं आणि वही पुढं सरकवली. सासूबाईंनी काळ्या चष्म्याआडून अंदाजानं सही केली. ती पानाबाहेर सतरंजीवर गेली. आत्यांनी गार चहा एका घोटात संपवला आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, तेव्हा डोळे सुजलेले होते. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "साक्षीदाराचा त्यात फायदा व्हता. तो तिनं लपवला नाय. अशी साक्ष मी तीस वर्षांत फार कमी लिवली." मग बाहेर जाऊन त्यांनी कादंबरी उघडली आणि सासूबाईंना विचारलं, "वहिनी, कुठवर आलो व्हतो आपण?"

आता दर दुसऱ्या शनिवारी आत्या एसटीनं कन्नडला जातात, पिशवीत एक पुस्तक घेऊन. सासूबाईंना बारीक अक्षर अजून नीट दिसत नाही, म्हणून. गेल्या महिन्यात मी तिकडं गेले होते. सासूबाई ओसरीवर उन्हाला बसून गोधडी शिवत होत्या आणि पहिल्याच झटक्यात त्यांनी सुईत दोरा ओवला. रस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला, तशी त्यांनी सुई गोधडीत खोचली आणि कोनाड्यातला काळा चष्मा चढवला. आत्या आल्या, पाणी प्यायल्या, त्यांनी दोरा ओवलेल्या सुईकडं क्षणभर बघितलं आणि शेजारी टेकून वाचायला लागल्या.