आयव्हीच्या पाठीमागचा नंबर

थेल्मा क्राउदर हॅलरटनच्या इंजिन शेडमध्ये सफाईच्या कामाला लागली, तेव्हा वाफेची इंजिनं जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि आमचं अख्खं गाव सुतकात असल्यासारखं वागत होतं. बिअर पिताना पुरुष उसासे टाकायचे. शेडच्या कुंपणाला दर रविवारी कॅमेरे घेऊन चिकटणाऱ्या हौशी मंडळींनी तर कॅमेरेच कपाटात टाकले होते; सवयीपुरते नंबर तेवढे ते वहीत टिपायचे. त्यांचं म्हणणं असं, की डिझेल म्हणजे चाकं लावलेलं पत्र्याचं कपाट, त्याचा फोटो कसला काढायचा? थेल्मा एकोणीस वर्षांची होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा घासलेलं इंजिन डिझेलचंच होतं, त्यामुळे तिला कुणाचं सुतक नव्हतं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला नावं ठेवणाऱ्यांचा तिला तेव्हाही राग यायचा आणि आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही येतो.

कॅमेरा तिला कुणी भेट दिला नव्हता. किराणा घेतला की दुकानदार हिरवे स्टॅम्प द्यायचा, ते वहीत चिकटवायचे आणि वह्या भरल्या की वस्तू मिळायची. थेल्माची आई दोन वर्षं विजेच्या किटलीसाठी स्टॅम्प चाटत होती. पोरीनं त्या सगळ्या वह्या नेऊन कॅमेरा आणला. आई तीन आठवडे तिच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "किटलीतून चहा तरी निघाला असता." थेल्मानं त्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो आईचाच काढला, तोही तोंड फुगलेलं असताना.

हौशी मंडळींचे फोटो काढायचे नियम फार कडक. ऊन आपल्या पाठीशी हवं, इंजिन थोडं तिरकं उभं हवं, नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे आणि चौकटीत माणूस दिसता कामा नये. ऐन वेळी कुणी हमाल मध्ये आला तर ही सभ्य माणसं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. थेल्माला हे नियम कुणी शिकवले नाहीत. तिच्या प्रत्येक फोटोत कुणी ना कुणी असायचंच, बादली घेतलेलं, पाव खाणारं, नाहीतर इंजिनाच्या पायरीवर बसून बूट झटकणारं. तिचं साधं गणित होतं. इंजिन उद्याही येणार आहे, पण ड्रायव्हर डेस्मंडची दाढ आजच सुजली आहे.

एकदा शेडच्या मोठ्या साहेबानं फर्मावलं, की बायकांनी कामावर कॅमेरा आणायचा नाही. तेव्हा आयव्ही पीअर्ट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आयव्ही सफाई करणाऱ्यांची मुकादम, पन्नाशीची, अंगानं काटकुळी आणि जिभेनं धारदार. पुरुषांच्या मोरीत गरम पाणी आणि बायकांच्या मोरीत नळच नाही, असा शेडचा कारभार होता. त्यावर आयव्ही रोज संध्याकाळी सरळ साहेबाच्या खोलीत जाऊन त्याच्या बेसिनमध्ये कोपरापर्यंत हात धुवायची आणि त्याच्याच टॉवेलला पुसायची. ती साहेबाला म्हणाली, "कॅमेरा बंद करायचा तर करा. पण मग पोरीला फोटो काढायला दुसरं काही सापडेल. तुमचा टॉवेल, उदाहरणार्थ." कॅमेरा बंद झाला नाही.

पण हीच आयव्ही स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर आली नाही. थेल्मानं कॅमेरा उचलला की ती पाठ फिरवायची. "त्या गाडीचा काढ, पोरी. माझ्या थोबाडाचं काय करणार?" सबंध दहा वर्षांत थेल्माला ती एकदाच सापडली. सत्त्याहत्तरच्या ऑक्टोबरमध्ये, ड्रायव्हर डेस्मंड फेअरक्लफच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. खिडक्या पुसायला चढायचा लाकडी माचा निळ्या इंजिनाला लावलेला होता. डेस्मंड त्याच्यावर चढला, एका हातानं त्यानं कार्लटन ब्रॅमवेलला ओढलं आणि दुसऱ्या हातानं आयव्हीला. कार्लटन बार्बाडोसहून आलेला, लांब दांड्याचा ब्रश भाल्यासारखा धरून उभा राहिला. आयव्हीला डेस्मंडनं दंडाला धरून ठेवलं होतं, म्हणून तिला पाठ फिरवता आली नाही. ती कॅमेऱ्याकडे बघून हसली. हसताना तिचा पुढचा दात नाही हे दिसतं.

दोन वर्षांनी आयव्ही छातीच्या दुखण्यानं गेली. तिला मूलबाळ नव्हतं, घर भाड्याचं होतं. नवा भाडेकरू आला आणि आयव्ही पीअर्ट नावाची बाई या गावात राहत होती याचा पुरावा म्हणून त्या फोटोची एक स्लाइड उरली, ती थेल्माच्या बुटाच्या खोक्यात. पुढे शेडही पाडलं. तिथे आता फरशा विकतात. थेल्मानं नंतरची वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले. मधेच एका बस ड्रायव्हरशी लग्न केलं, ते चार वर्षं टिकलं. त्याबद्दल विचारलं तर ती म्हणते, "चुकीच्या बसमध्ये चढले होते. थांबा आल्यावर उतरले."

आणि मग काळाचा उलटा फेरा आला. ज्या पत्र्याच्या कपाटांवर सगळे थुंकत होते, त्यांच्याच आठवणींनी लोकांचे डोळे भरून यायला लागले. निळा रंग, डिझेलचा वास, थंड सकाळी धूर ओकणारी ती धूडं! पण त्या काळात कपाटात कॅमेरे ठेवणाऱ्यांपाशी फोटो कुठून असणार? हॅलरटनच्या रेल्वे छायाचित्र मंडळाला शेड बंद पडल्याच्या चाळीस वर्षांनिमित्त प्रदर्शन भरवायचं होतं आणि शेडच्या आतले फोटो सगळ्या गावात एकाच बाईकडे होते. मंडळाचे चिटणीस क्लिफर्ड नेटलटन स्वतः थेल्माच्या दारात आले. साठीचा, नेटका, चांगला माणूस. थेल्मानं परवानगीच्या कागदावर सही केली आणि खोकं त्यांच्या हवाली केलं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी, गुरुवारी दुपारी, क्लिफर्ड एक मोठी गुंडाळी घेऊन आले. कार्लटन दर गुरुवारी थेल्माकडे चहाला येतो, तसा तो टेबलाशी बसला होता. आता तो शहाऐंशीचा आहे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"हा आमचा मुख्य फोटो," क्लिफर्ड म्हणाले. "दाराशीच लावणार. कॉम्प्युटरवर तीन रात्री खपलोय, मिसेस क्राउदर. बघाच तुम्ही."

त्यांनी गुंडाळी उलगडली. निळं इंजिन झळझळत होतं. माचा होता, माच्याखाली बादली होती, खिडकीखाली पांढऱ्या आकड्यांत इंजिनाचा नंबर होता. माच्यावर कुणीच नव्हतं.

 कार्लटननं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी इथे उभा होतो," तो बोट ठेवून म्हणाला. "बेचाळीस वर्षांत मला कामावरून काढायचा पुष्कळांनी प्रयत्न केला, थेल्मा. इतकं सफाईदार कुणाला जमलं नव्हतं बघ."

क्लिफर्ड ओशाळून हसले. "मंडळी अगदी नंबरावरच उभी होती हो. नंबर नसलेला फोटो आमच्यात फोटो धरत नाहीत. सभासद मला हसतील."

"माणसं परत घाला," थेल्मा म्हणाली.

"आता छापून झालंय."

"तर दुसरा छापा."

"मिसेस क्राउदर, कागदावर स्पष्ट लिहिलंय, गरजेप्रमाणे सुधारणा करण्यात येतील. तुमची सही आहे."

"सुधारणा?" थेल्माचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि तिला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की तो उतरला की जपावं. "ती बाई सबंध आयुष्यात एकदा माझ्याकडे बघून हसली, क्लिफर्ड. एकदा. आणि तुम्ही तिला डाग पुसावा तशी पुसलीत. ती गाडी इतकी चकचकीत दिसतेय ना तुम्हाला? तिनंच घासलीय ती."

 क्लिफर्डना वाईट वाटलं होतं, पण फोटो बदलावा इतकं नाही. ते कागद गुंडाळायला लागले. तेव्हा कुठे थेल्माचं लक्ष त्या पांढऱ्या आकड्यांकडे गेलं. माणसांच्या पाठीमागचे आकडे स्लाइडमध्ये नव्हतेच. मग हे आले कुठून?

"शेवटी अडुसष्ट हे तुम्ही कुठून काढलंत?"

"मंडळाच्या जुन्या वहीतून," क्लिफर्ड जरा उजळले. "त्या आठवड्यात अडुसष्ट नंबर शेडमध्ये होतं, कुंपणावरून टिपलेलं आहे. रंग तोच, तोंडही तसंच."

"होतं ना. शेडच्या मागे उभं होतं, आतून जळलेलं. जळक्या रबराचा वास इतका, की फिटर लोक ते साफ करत नाहीत तोवर बादली लावायची नाही असं आयव्हीनं सांगितलं होतं. डेस्मंड त्या दिवशी सकाळी कार्लाइलहून गाडी घेऊन आला तो काय जळक्या इंजिनानं?"

"ख्रिसमसपर्यंत तिथेच होतं ते," कार्लटन म्हणाला. "मी त्याच्या आडोशाला सिगारेटी ओढायचो."

क्लिफर्डच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेरच्यांना हे समजायचं नाही. या मंडळींत बायको सोडून गेली तर लोक सांत्वन करतात, पण चुकीचा नंबर दिला तर चाळीस वर्षं विसरत नाहीत. दिवंगत मिस्टर हॉलरॉइड यांचा नंबर एकाहत्तर साली चुकला होता, आणि त्यांच्या अंत्ययात्रेतही दोघांनी ती आठवण काढली होती.

"मग कुठलं होतं?" त्यांनी विचारलं.

"बघा," थेल्मा म्हणाली. "तीन माणसं गेली तेव्हा तुम्ही नुसते हसलात. दोन आकडे चुकले तर घाम फुटला. आधी माणसं परत घाला. तिघांचीही नावं खाली लिहा, मोठ्या अक्षरात. मग पुढचं बोलू."

क्लिफर्ड गेल्यावर कार्लटननं बिस्किट चहात बुडवलं. "कुठलं होतं गं?"

"मला काय ठाऊक? नंबर आयव्ही बघायची. आपण घासायचो."

"अगं, मग परवा तो विचारेल त्याला काय सांगशील?"

"परवाचं परवा."

"आणि त्यानं माणसं घातलीच नाहीत तर?"

 तसं होऊ शकत होतं, हे थेल्मालाही ठाऊक होतं. क्लिफर्डनं ते पांढरे आकडे पुसून टाकले आणि कोऱ्या पत्र्याचं इंजिन लावलं, तर कायद्यानं ती काही करू शकत नव्हती. रात्री तिला झोप लागली नाही. शुक्रवारी तिनं शिडी शेजाऱ्याकडून मागून आणली आणि व्हरांड्यात ठेवली. प्रदर्शनात आयव्ही नसेल तर भर सभेत शिडीवर चढून तो फोटो उतरवायचा आणि पाठीमागच्या दारानं बाहेर न्यायचा, एवढं तिनं ठरवलं होतं. पोलीस आले तर आले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला बेड्या घालताना त्यांचा फोटोही कुणीतरी काढेलच.

शनिवारी सकाळी अकराला चर्चच्या हॉलपाशी ती शिडी घेऊनच पोचली. कार्लटन काठी टेकत मागून येत होता. "सावकाश," तो म्हणत होता, "गुन्हा करायचाय, गाडी पकडायची नाहीये." दाराशी गर्दी इतकी होती की आत जाता येईना. थेल्मानं शिडी भिंतीला टेकवली आणि कोपरं वापरून वाट काढली.

समोरच फोटो होता. माच्यावर डेस्मंड होता, गाल अजून थोडा सुजलेला. डाव्या बाजूला कार्लटन, सत्तेचाळीस वर्षांनी तरुण, हातात भाला. आणि उजव्या बाजूला आयव्ही, बरोब्बर नंबर झाकून, पडक्या दातासकट हसत. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: डेस्मंड फेअरक्लफ, आयव्ही पीअर्ट, कार्लटन ब्रॅमवेल. हॅलरटन, ऑक्टोबर १९७७. त्याच्याखाली बारीक अक्षरांत: इंजिन कोणते ते अद्याप निश्चित नाही.

थेल्माचे डोळे भरून आले आणि ते भरले म्हणून तिला स्वतःचाच राग आला. मंडळाचे सगळे सभासद फोटोला नाक लावून उभे होते. एकानं भिंग आणलं होतं. "त्या बाईच्या कोपराजवळ काहीतरी पांढरं दिसतंय, सहा असेल." "छे, तो तिच्या बाहीचा साबण आहे." मोठमोठ्या वकिलांनी आणि मास्तरांनी आयव्ही पीअर्टच्या बाहीचं इतकं निरीक्षण तिच्या हयातीत कधी केलं नव्हतं.

क्लिफर्ड गर्दीतून वाट काढत आले. डोळे तांबारलेले, टाय तिरका. सांगितलेलं केलेल्या माणसाचा थोडा ताठाही होता चेहऱ्यावर, आणि तो त्यांचा हक्कच होता.

"माणसं घातली," ते हळूच म्हणाले. "नावं घातली. आता तरी नंबर सांगा, मिसेस क्राउदर. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"तो एकाच बाईला ठाऊक होता," थेल्मा म्हणाली.

"कुणाला?"

"आयव्हीला. विचारा तिला. तुमच्यासमोरच उभी आहे."

क्लिफर्ड वळले. नंबर शोधायची सवय लागलेले त्यांचे डोळे आधी तिच्या खांद्याकडे गेले, मग कोपराकडे. मग कधीतरी ते वर आले, आणि क्लिफर्ड नेटलटन आयव्हीच्या तोंडाकडे बघत बराच वेळ उभे राहिले.